मॅरिअनहिलचे मौनी

मिशनरी म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक बोलणारा माणूस उभा राहतो. चौकात प्रवचन करणारा, पुस्तिका वाटणारा, वादाला केव्हाही तयार असलेला. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत डर्बनला असताना आमचे यजमान म्हणाले, "उद्या तुम्हांला न बोलणाऱ्या मिशनऱ्यांची जागा दाखवतो," तेव्हा ते थट्टा करीत आहेत असेच मला वाटले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; बोलण्यावरच पोट भरणारा!

डर्बनपासून पंधरा-सोळा मैलांवर, पाइनटाउनजवळ मॅरिअनहिल आहे. तांबड्या विटांच्या जुन्या इमारती, भोवती दाट झाडी. पण आम्ही पोचलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती आणि पोरांचा असा गलका चालला होता, की मौन कुठे आहे, असे मी यजमानांना विचारले. "ते शंभर वर्षांपूर्वीच सुटले," ते म्हणाले.

हा मठ १८८२ साली फ्रान्झ फानर या ऑस्ट्रियन साधूने वसवला. साधू ट्रॅपिस्ट पंथाचे. गरजेवाचून बोलायचे नाही, मांस खायचे नाही, स्वतःच्या हातांनी राबायचे, असा त्यांचा नेम.

१८९५ साली पंचवीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी हा मठ पाहायला आले होते. त्यांनी लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या पत्रात त्यावर लेख लिहिला, आणि साधूंची दिनचर्या आपल्याला कळते ती त्यातून. पहाटे दोनला उठायचे. चार तास प्रार्थना आणि चिंतन. सहाला पाव आणि कॉफी. दुपारी बाराला सूप, पाव, फळे. संध्याकाळी सहाला जेवण, आणि सात-आठला अंथरूण. अंडीसुद्धा वर्ज्य. मठातल्या भगिनींना मात्र आठवड्यातून चार दिवस मांसाची मुभा होती. कारण काय, तर त्यांची प्रकृती नाजूक! गांधींना हे कारण पटले नाही. आमच्या घरी मी ते वाचून दाखवले, तेव्हा तिथेही पटले नाही.

मधला सारा वेळ कामाचा. लोहारकाम, सुतारकाम, पत्र्याचे काम, कातडी कमावणे, जोडे शिवणे, छपाई. हीच कामे झुलू मुलांना शिकवायची. ज्या वसाहतीत गोरा माणूस काळ्याला केवळ हुकूम सोडी, तिथे हे गोरे त्याच्या शेजारी बसून चामडे कापीत होते. ते आले होते झुलूंना ख्रिस्ती करायला, हे मी विसरत नाही; गांधीही विसरले नसावेत. तरी त्यांनी या लोकांचे मनापासून कौतुक केले. पुढे जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म निघाला, तेव्हा त्यांचे मित्र कालेनबाख याच ट्रॅपिस्ट साधूंकडे जाऊन चपला शिवायला शिकून आले, आणि त्यांच्याकडून गांधी शिकले. तुरुंगात केलेला असाच एक जोड गांधींनी १९१४ साली जनरल स्मट्स यांना दिला. स्मट्स यांनी तो कैक उन्हाळे वापरला.

पण फानरची गोष्ट वेगळीच. मौन पाळावे, तर झुलू मुलाला अक्षरे शिकवायची कशी? पहाटे दोनपासून प्रार्थनेला बसावे, तर डोंगरापलीकडच्या आजाऱ्याच्या खोपटात जायचे कोणी? फानरने दूरदूर ठाणी काढली, शाळा काढल्या आणि कामापुरता नेम सैल केला. १८९२ साली पंथाने त्याला मठाधिपतिपदावरून दूर केले. गांधी आले तेव्हा मठ होता, कामही होते. ते उभे करणारा माणूस मात्र तिथे नव्हता.

शाळेच्या फाटकाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. स्टीव्ह बिको १९६४-६५ साली इथेच शिकला. वर्णद्वेषी सरकारविरुद्ध तो पुढे काय बोलला आणि १९७७ साली कोठडीत कसा मेला, ते जगाला ठाऊक आहे. आवारातच सेंट मेरीज रुग्णालय. ते निघाले १९२७ साली.

फानरने यातले काही पाहिले नाही. अखेरची वर्षे त्याने इमाउस नावाच्या आडवळणाच्या ठाण्यावर काढली. मॅरिअनहिलचे साधू यापुढे ट्रॅपिस्ट नाहीत, त्यांनी मिशनचेच काम करावे, असा हुकूम रोमहून निघाला तो २ फेब्रुवारी १९०९ ला. २४ मे रोजी फानर वारला.