ऐनाचा ओंडका

माणसाला चौसष्टाव्या वर्षी कशाचा मोह पडेल, याचा नेम नाही. कुणाला काशीयात्रा हवीशी वाटते, कुणाला नवी कवळी. मला कटर हवासा वाटला. कटर म्हणजे लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमच्या रत्नागिरीकडे तिला करवत म्हणत नाहीत. करवत दोघांनी ओढायची असते. ही एकाने चालवायची आणि साऱ्या वाडीने ऐकायची!

मोह पडायला कारण होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकले, त्या दिवशी परसातला ऐन आडवा झाला. बिचाऱ्याने घराची मर्यादा राखली. पडला तो गडग्यावर. सुसरीच्या पाठीसारखी त्याची साल, दोन फुटांहून थोडा कमी व्यास. फांद्या चुलीत गेल्या, पण खोड तीन पावसाळे तसेच पडून राहिले.

तेवढ्यात घराची मधली तुळई वाळवीने पोखरल्याचे ध्यानात आले. सातबाऱ्यावर जितकी नावे, तितकी मते असतात. पण या वेळी चुलत्यांच्या मुलांचे आश्चर्यकारक एकमत झाले. ते म्हणाले, "तुळई कशाला बदलायची? घरच पाडू आणि स्लॅब घालू." मी म्हणालो, "परसात ऐन पडला आहे. त्याची तुळई निघाली तर घर राहील." त्यांनी मला पुढच्या मे महिन्यापर्यंत मुदत दिली. ऐन म्हणजे झाड आणि ऐन म्हणजे आणीबाणीची वेळ, हे दोन्ही अर्थ मला एकदमच कळले.

ओंडका गिरणीवर न्यावा, तर आमच्या घराला रस्ता नाही, पाखाडी आहे. जांभ्याच्या त्या पायऱ्यांवरून माणूस नीट उतरला तरी पुष्कळ. तेव्हा लाकूड जागीच कापायला हवे. कागदपत्रांचे सोपस्कार मी उरकून घेतले, कारण वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्यातील यादीत आंबा, फणस, किंजळ यांच्या पंगतीला ऐनही बसलेला आहे. मग दोन पोरे लहान कटर घेऊन आली. बाहेरचे पांढरे लाकूड त्यांनी लोण्यासारखे कापले. आतल्या काळसर गाभ्याला लागताच यंत्र धापा टाकू लागले. "काका, हा दगड आहे," असे सांगून ती चहा पिऊन गेली. तेव्हा मोठे यंत्र हवे, आणि नवे परवडणार नाही म्हणून जुने हवे, असा निर्णय झाला.

लाकडापायी माणसाने काय काय केले आहे! ज्या थिबा राजाचा राजवाडा आम्ही पाहुण्यांना हौसेने दाखवतो, त्याचे राज्य १८८५ साली गेले, त्याला निमित्त ब्रह्मदेशातल्या सागाच्या ओंडक्यांवरून एका इंग्रज कंपनीला झालेल्या दंडाचे होते. सागापायी राजा रत्नागिरीस आला. मी ऐनापायी हातखंब्याच्या पुढे एका वाडीत गेलो, एवढेच.

जाण्यापूर्वी मी अभ्यास केला होता. जुन्या मास्तराची ती खोडच असते. साखळीची करवत प्रथम केली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडातील जॉन एटकन आणि जेम्स जेफ्रे या शल्यवैद्यांनी, आणि तीही हाडे कापण्यासाठी! जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली विजेवरची आणि १९२९ साली पेट्रोलवरची करवत बनवली. पुढे १९४६ साली जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती रेषेच्या उभी-आडवी, कशीही लाकूड खात जाते. तिच्या जबड्यावरून त्याने साखळीचे दात घडवले. ज्या किड्यांच्या जातीने माझी तुळई खाल्ली, त्यांच्याच भाईबंदाकडून माणूस कापायला शिकला, हे वाचून मला जरा गंमत वाटली.

जुने यंत्र कसे पारखावे, हे पुतण्याने शिकवले होते. दोरीच्या मुठीला धरून यंत्र लोंबकळत ठेवायचे. ते थांबत थांबत खाली आले, तर इंजिनात दम आहे. भसकन् आले, तर नाही. मग सायलेन्सर काढून आतला दट्ट्या बघायचा. त्याच्यावर उभे ओरखडे असतील, तर कधीतरी ते तेल न मिसळलेल्या पेट्रोलवर चालले आहे असे समजायचे.

विकणारा चाळिशीचा होता. यंत्र सत्तर सीसीचे, चोवीस इंची पट्टीचे. लोंबकळवून पाहिले, ते मोठ्या तोऱ्यात, टप्प्याटप्प्याने उतरले. सायलेन्सर काढला. दट्ट्यावर एका बाजूला चार-पाच ओरखडे होते. ते पाहून मला कोण आनंद झाला! दुसऱ्याच्या वहीत चूक सापडली की मास्तराला व्हावा, तसा.

"हे काय?" मी विचारले.

"एकदा तेल चुकलं होतं, काका. पण चालतं नीट."

बावीस हजारांचे यंत्र मी वीस हजारांत घेतले. त्याने फारशी घासाघीस केली नाही. पैसे मोजताना मात्र त्याला नोटा सुट्या करता येईनात. बोटांची टोके पांढरट पडली होती. "यंत्राच्या थरथरीनं," तो म्हणाला. "गारठ्यात बधिर होतात. डॉक्टर म्हणाले, सोडून दे. सदऱ्याची बटणंसुद्धा बायको लावते."

मग चहा आला आणि चहाबरोबर हकीकतही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा हा यंत्र घेऊन दापोली-मंडणगडाकडे गेला होता. रस्त्यांवर झाडेच झाडे. दोन आठवडे घरी आला नाही. एका रात्री आजाऱ्याची गाडी पलीकडे अडकली होती. घाईत कुणीतरी बाटली आणून दिली आणि ती नुसत्या पेट्रोलची निघाली. "रस्ता मोकळा झाला, पण यंत्र भाजलं."

ज्या ओरखड्यांचे मी दोन हजार कापून घेतले होते, ते असे पडले होते. मी खिशात हात घातला. त्याने मान हलवली. "राहू द्या, काका. सौदा झाला."

निघताना पडवीच्या भिंतीवर जुनी लांब करवत टांगलेली दिसली, दोन टोकांना दोन मुठी असलेली. बापाची, म्हणाला. गावाचे नाव काढताच बाप आमच्याकडे कामाला असल्याचे निघाले. मला ते दिवस आठवले. मांडवावर ओंडका चढवलेला, एक वर उभा, एक खाली. वरच्याने खडूची रेघ सांभाळायची, खालच्याने डोळ्यांतला भुसा. आमच्या ओटीच्या फळ्या तशाच निघाल्या होत्या.

"ही पण विकतोस का?" मी सहज विचारले.

"ती नाही," तो म्हणाला.

माघात तो आपणहून आला. यंत्राला हात लावणार नाही, म्हणाला. पण सबंध दिवस ओंडक्यापाशी बसून राहिला. साखळीचे दात आडवे कापायला तीस अंशाचे असतात, उभे चिरायला दहा अंशाचे लागतात, म्हणून कानस पुतण्याच्या हाती देऊन एकेक दात त्याने घासून घेतला. ओळंबा लावला, सूत झटकले. मीही एकदा दोरी ओढून पाहिली. तीन हिसक्यांत यंत्राने काही ऐकले नाही, खांद्याने मात्र ऐकले. मग पुतण्याच पुढे झाला. संध्याकाळपर्यंत तुळई निघाली. भुशाचा ढीग पाहून तो म्हणाला, "बाबा असते तर शिव्या दिल्या असत्या. इतकं लाकूड ते वाया घालवत नसत."

मजुरी त्याने मोजून घेतली. मी तीत दोन हजार जास्त घातले होते. तेवढे त्याने बधिर बोटांनी वेगळे काढून ओट्यावर ठेवले.

मुदतीच्या आधी तुळई चढली. घर आहे. जुन्या तुळईवर बापाच्या करवतीच्या बारीक, सारख्या खुणा होत्या. नव्हीवर लाटा उठल्या आहेत. मी दुपारी झोपाळ्यावर पडून त्या पाहतो. यंत्र कोठीत आहे, वर्षातून दोनदा पुतण्या ते चालवून ठेवतो. दट्ट्या बदलून घ्या, नवा मिळतो, असे तो म्हणतो. अजून बदललेला नाही.