मूल्यप्राप्ति

आमच्या कुलवृत्तांतांत आमच्या पणजोबांच्या थोरल्या बंधूंविषयीं एकच वाक्य आहे: विरक्त होऊन ते काशीस गेले. या वाक्यावर आमच्या घरानें तीन पिढ्या काढल्या. पितृपक्षांतील द्वादशीस, म्हणजे संन्याशांच्या तिथीस, त्यांच्या नांवें पान वाढलें जाई. आणि एखाद्या मुलाचें चित्त संसारांत रमेनासें झालें म्हणजे ‘हा थोरल्यांवर गेला’ असें वडील मंडळी कौतुकानें म्हणत. त्यांच्या प्रयाणाची तिथि मिळावी एवढ्याच हेतूनें गेल्या वर्षीं आम्ही रत्नागिरीच्या एका जुन्या साप्ताहिकाच्या फायली चाळावयास बसलों.

मराठी वृत्तपत्रांचा विषय निघाला कीं ‘दर्पण’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ हींच नांवें तोंडीं येतात. परंतु ठाण्यास ‘अरुणोदय’ १८६६ सालीं आणि रत्नागिरीस ‘सत्यशोधक’ १८७१ सालीं निघालें. आणि कुटुंबाचा माग काढणाऱ्यास अशा गांवच्या पत्रांत जें सांपडतें, तें पुण्यामुंबईच्या पत्रांत सांपडावयाचें नाहीं. अग्रलेख सोडून द्यावेत. लिलाव, वांटण्या, दत्तविधानें, कोर्टाच्या नोटिसा, परीक्षांचे निकाल हें वाचावें. ‘गेल्या सोमवारीं’ असें छापलेलें असतें, तेव्हां अंकाच्या तारखेवरून मागें मोजावें लागतें. शक दिला असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ व पुढें ७९ मिळवावे लागतात. आडनांव पुष्कळदां गाळलेलें. आणि स्त्रियांचें तर काय सांगावें! आमच्या पणजीचें नांव आम्हांस कोठेंच मिळालें नाहीं. ‘अमक्याचें कुटुंब’ एवढीच तिची नोंद. यंत्राकडून शोध घ्यावा तर जुन्या ठशांचीं जोडाक्षरें त्यास नीट उमगत नाहींत. म्हणून पानामागून पान. त्यांत मोहही आड येतात. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ सालीं मृत्यु येईपर्यंत रत्नागिरींतच होता. त्याच्या बातम्या वाचण्यांत आमचे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशीं, १८९९ च्या एका अंकांत, एक जाहीर नोटीस दिसली. देणारे आमचे पणजोबा. आपले वडील बंधु मुंबईस असतात, त्यांनीं आपल्या संमतीवांचून कर्ज काढलें आहे, आपण त्यांच्यापासून विभक्त झालों असून त्यांच्या देण्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं, असा तिचा आशय. नांवांत घोटाळा असेल म्हणून आम्हीं ती पुनः पुनः वाचली. पण बापाचें नांव जुळत होतें, गांवही जुळत होता. काशी नव्हती, वैराग्य नव्हतें. कर्जबाजारी भावापेक्षां विरक्त भाऊ घराला अधिक शोभतो, हें आम्हांस समजतें; तरी त्या दिवशीं आम्हीं पुढचें पान उलटलें नाहीं.

वर्गणी पोंचल्याची यादी हें पत्र ‘मूल्यप्राप्ति’ या मथळ्याखालीं छापीत असे. त्या रकान्यावर आमची नजर ठरली नव्हती. चौथ्या दिवशीं १९०३ च्या यादींत सहज डोळा गेला, तों मुंबई, गिरगांव, या पत्त्यासह थोरल्यांचें नांव! मग पुढच्या साऱ्या याद्या पाहिल्या. दरसाल तें नांव आहे. १९११ सालीं पणजोबा वारले. त्यांच्या मृत्यूची बातमी चार ओळींची आहे आणि तींत थोरल्या बंधूंचा उल्लेख नाहीं. त्याच्या पुढच्या वर्षींही वर्गणी आलेली आहे. १९१८ नंतर मात्र नांव दिसत नाहीं. त्या वर्षीं इन्फ्लुएंझानें मुंबईंत हजारों माणसें नेलीं. परंतु त्यांत ते होते असें म्हणावयास आम्हांजवळ आधार नाहीं.

गांवच्या घरीं आमच्या काकू असतात. वय नव्वदीचें. काशीची गोष्ट त्यांना त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलेली, आणि द्वादशीचें पान इतकीं वर्षें त्यांच्याच हातचें. त्यांना सांगावें कीं सांगूं नये, याचा आम्हीं पंधरा दिवस विचार केला. अखेर टिपण घेऊन गेलों आणि सर्व वाचून दाखविलें. नोटिशीवर त्या कांहीं बोलल्या नाहींत. यादी संपल्यावर म्हणाल्या, ‘‘म्हणजे धाकटे गेल्याचं त्यांना पेपरांतनंच कळलं असेल, रे.’’

यंदा द्वादशीस त्यांनीं पान वाढलें नाहीं. सर्वपित्रीस, ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्या दिवशीं, दोन पानें शेजारीं शेजारीं मांडलीं.