चिल्लरीचा काटा

वसतिगृहातील दानपेटी वर्षावासाच्या काळात दर रविवारी उघडली जाई. कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांतून आणि ठाण्याहून येणारे उपासक-उपासिका तीत बहुधा नाणीच टाकीत. मोजदाद नववीच्या आम्हां मुलांकडे असे. एकेक नाणे मोजण्याचा कंटाळा येऊन २०१३ साली आम्ही स्वयंपाकघरातील काट्याचा आश्रय घेतला.

रीत सोपी होती. एका प्रकारची शंभर नाणी हाताने मोजून तोलायची, मग सारा ढीग तोलून त्रैराशिक मांडायचे. पितळी रंगाच्या पाच रुपयांची शंभर नाणी ६०० ग्रॅम भरत, नव्या लहान एक रुपयाची ३७९, नव्या दोन रुपयांची ४८५. तासाचे काम दहा मिनिटांत होऊ लागले आणि आम्हांला स्वतःच्या बुद्धीचे कौतुक वाटू लागले.

गणिताचे गुरुजी म्हणाले, ‘यात नवे काही नाही. इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, १८० ग्रेनांचा असे. लोक तोच वजन म्हणून पारड्यात टाकीत. पण टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची मुभा १८९३ साली बंद झाली आणि रुपयाचे मोल त्यातील चांदीच्या वजनापासून सुटले. याच रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला.’ आम्ही तोळ्यापर्यंतचेच ऐकले.

एका रविवारी दोन रुपयांचा ढीग २ किलो ४२५ ग्रॅम भरला. पाचशे नाणी, हजार रुपये. आमच्यातील एक जण पिशवी घेऊन किराणा दुकानात गेला. दुकानदाराने नाणी हाताने मोजली आणि ९३७ रुपये दिले. काटा खोटे बोलत नाही, असे आम्हीच म्हणालो. त्या सायंकाळी पंचशील ग्रहण करताना दुसऱ्या शीलापाशी आम्हां सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. रात्री तो जेवला नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो दुकानात गेला व त्या नाण्यांतील काही मागून घेऊन आला. १९९२ पासूनचा जुना एक रुपया आणि २०११ चे नवे दोन रुपये त्याने एकावर एक ठेवले. कडेला कड जुळली. दोन्ही २५ मिलिमीटरचे. मग वीस-वीस नाणी काट्यावर ठेवली. दोन्ही वेळा ९७ ग्रॅम! आम्ही आकारावरून नाणी निवडत होतो; घाईत अंक कोण पाहतो? त्रेसष्ट जुने रुपये आमच्याच हातांनी दोनच्या ढिगात पडले होते.

वहीतील हिशेब त्याच दिवशी दुरुस्त झाला. त्याची क्षमा मात्र आमच्यापैकी कोणीच मागितली नाही. पुढे कित्येकदा भेटी झाल्या, त्याने विषय काढला नाही, आम्हीही नाही. या स्मरणिकेच्या पानावर, त्याचे नाव न लिहिता, ती आम्ही मागत आहोत.