दोन फुटांची होडी

पांढरपेशा घरांत लांकडाचें कांहीं काम निघालें कीं सुताराला निरोप धाडण्याची आपणां सर्वांस संवय आहे. खुर्चीचा पाय हलूं लागला, तर घरांतला पदवीधर ती खुर्ची उलटी करून गंभीरपणें न्याहाळतो आणि पुन्हां होती तेथें ठेवून देतो. यांत आळस असतोच असें नाहीं. लांकूड हा दुसऱ्या कोणाच्या तरी ज्ञानाचा विषय आहे, असें त्यानें लहानपणापासून धरलेलें असतें. अशाच एका घरानें, म्हणजे आमच्या घरानें, गेल्या पावसाळ्यांत तीन महिने खपून दोन फूट लांबीची एक लांकडी होडी सिद्ध केली. ती कां व कशी, तेवढें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला तापी व नर्मदा अशा दोन मोठ्या नद्या लाभल्या आहेत. पैकीं तापी नित्य परिचयाची. प्रकाशें येथील संगमावर पर्वणीला कोण गेलें नाहीं? नर्मदा मात्र सातपुड्यापलीकडे, जिल्ह्याच्या अगदीं उत्तर सीमेवर. सरदार सरोवराच्या पाण्यानें अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर, त्या पातळीपर्यंत जलाशय प्रथम भरला तो २०१९ च्या सप्टेंबरांत. पूर्वीं जेथें पायवाट व शेत होतें, तेथें आज खोल पाणी आहे, आणि डोंगराच्या टोंकांवर राहिलेल्या पाड्यांना होडी हाच रस्ता आहे. २०२० च्या टाळेबंदीच्या काळांत तेथील एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्हें मारीत बालकांचा आहार घेऊन जात असे, हें वृत्त पुष्कळांनीं वाचलें असेल. त्याच्या आदल्या वर्षींच, मकरसंक्रांतीच्या सणाला, भूषा गांवाजवळ माणसांनीं भरलेली एक होडी उलटून कित्येकांचे प्राण गेले, हेंही विसरण्यासारखें नाहीं.

आमची पुतणी आरोग्यसेवेच्या कामानिमित्त आठवड्यांतून दोनदां त्याच पाण्यावरून जाते. ती नोकरीवर रुजू झाली त्या दिवसापासून आमच्या मातुःश्रींच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यांनीं नोकरी सोडण्याचा आग्रह धरला नाहीं; फक्त एकच प्रश्न धरून ठेवला. "होडी उलटते ती नेमकी कशानें? तेवढें मला कोणी तरी समजावून सांगा." घरांत एक स्थापत्य अभियंता व एक पदार्थविज्ञानाचे शिक्षक असूनही ब्याऐंशी वर्षांच्या त्या माउलीला पटेल असें उत्तर कोणाला देतां येईना. गुरुत्वमध्य हा शब्द उच्चारतांच त्या म्हणत, "शब्द नको, दाखवा." म्हणून होडीच करून पाहावी असें ठरलें.

होडी करण्याच्या दोन मूळ रीती आहेत. एक कोरण्याची. नर्मदेवरची जुनी डोंगी एका ओंडक्यांतून कोरलेली. कोंकणांतही आंब्याच्या खोडाच्या अशा होड्या, कांहीं उलांडी लावलेल्या, पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. येथें कारागीर लांकूड काढीत जातो आणि उरतें ती होडी. दुसरी रीत जुळविण्याची. उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची भूर्जाच्या सालीची कनू प्रसिद्ध आहे. तोच आकार कॅनडांतील पीटरबरोच्या सुतारांनीं एकोणिसाव्या शतकांत लांकडी फळ्या व पट्ट्या जुळवून साधला. पुढें काचतंतूंचें कापड व कृत्रिम राळ मिळूं लागल्यावर अरुंद पट्ट्या एकमेकींस चिकटवून अशी होडी घरच्या अंगणांतही करतां येऊं लागली. ओंडका कोरण्यास लागणारी दृष्टि आमच्यापाशीं नव्हती; पट्ट्या मोजून चिकटविणें शक्य दिसलें.

सोळा फुटी कनूचा अष्टमांश म्हणजे दोन फूट. मूळ होडींत फूट फूट अंतरावर आडव्या छेदाचे सांचे उभे करतात. आम्हीं ते दीड दीड इंचावर, एकूण पंधरा, पातळ प्लायवुडाचे कापून एका सरळ पाटावर पालथे बसविले. लांकूड शिवणीचें निवडलें. तें वजनाला हलकें असून वाळल्यावर फारसें वांकत किंवा तडकत नाहीं; वाद्यें करणारे त्याला मानतात तें यासाठींच. पट्ट्यांची रुंदी अडीच मिलिमीटर आणि जाडी दीड. पाव इंचाच्या मूळ जाडीचा काटेकोर अष्टमांश एका मिलिमीटरहूनही कमी भरतो, आणि तेवढ्या पातळ पट्टीला रंधा लागतांच तिचा भुगा होतो.

पहिली पट्टी कांठाची. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा दोन्ही बाजू मिळून सत्तराच्या आसपास पट्ट्या पठाणापर्यंत, म्हणजे होडीच्या कण्यापर्यंत, चढवीत न्यावयाच्या. मध्यभागीं काम सुखानें चालतें. नाळेकडे पट्टीला एकाच वेळीं वांक व पीळ दोन्ही द्यावे लागतात. ऊन पाण्यांत भिजवून, टाचण्यांनीं धरून, रात्रभर तशीच ठेवावी, तेव्हां कोठें ती ऐकते. दोन पट्ट्यांच्या मध्यें फट राहूं नये म्हणून प्रत्येकीची कड कानशीनें तिरपी करावी लागे. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर दिवा लागे आणि दोन किंवा तीन पट्ट्या बसत; त्याहून अधिक नाहीं. वहिनींचा हात रांगोळीनें व शिवणकामानें तयार झालेला. नाळेजवळचे सांधे शेवटीं त्यांच्याकडेच आले, आणि अभियंता बंधूंनीं टाचण्या पुरविण्याचें काम पत्करलें. शेवटीं काचकागदानें घांसून, सांचे सोडवून, आंतबाहेर वार्निशाचे तीन हात दिले.

प्रतिकृति करून पाण्यालाच प्रश्न विचारावा, ही रीत जुनी आहे. विल्यम फ्राउड यानें १८७२ च्या सुमारास इंग्लंडांत टॉर्की येथें लांब हौद बांधून त्यांत जहाजांचे मेणाचे नमुने ओढून पाहिले. आपल्याकडे पुण्यानजीक खडकवासल्याच्या, १९१६ सालीं स्थापन झालेल्या संशोधन केंद्रांत नद्या, धरणें व बंदरें यांचे नमुने करून अभ्यास चालतो. अजिंठ्याच्या चित्रांतील जहाजावरून गोव्यांत शिवलेल्या फळ्यांचें 'कौंडिण्य' हें जहाज बांधलें, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तें आरमारांत दाखल झालें. मूळ नकाशा नसल्यामुळें त्याच्याही नमुन्याची परीक्षा मद्रासच्या आय्. आय्. टी. च्या तज्ज्ञांनीं आधीं केली होती.

मात्र नमुन्याचा हिशेब नीट ध्यानांत घ्यावा लागतो. लांबी आठपट लहान झाली कीं पृष्ठभाग चौसष्टपट आणि वजन पांचशेंबारापट लहान होतें. साठ किलोचा मनुष्य आमच्या होडींत ११७ ग्रॅमांचा होतो. स्वयंपाकघरांतील तराजूवर चिंचोके तोलून तशा दोन पुरचुंड्या बांधल्या आणि परसांतील हौदांत होडी सोडली. मातुःश्री खुर्ची टाकून जवळ बसल्या.

पुरचुंड्या तळाशीं ठेवल्या तेव्हां बोटानें कांठ दाबला तरी होडी कलून पुन्हां सरळ होई. कललेली बाजू पाण्यांत अधिक बुडते, तिकडून पाण्याचा उचलणारा जोर वाढतो व तो होडीला परत ढकलतो. मग उभ्या माणसाचा मध्य, तीन फुटांचा अष्टमांश, म्हणून एक पुरचुंडी साडेचार इंच उंचीच्या तिवईवर ठेवली. होडी डळमळूं लागली. दुसरीही तशीच ठेवली मात्र, बोट लागण्यापूर्वींच ती उलटली. वजन तेंच, पाणी तेंच. बदलली ती फक्त उंची. मातुःश्रींनीं चिंचोके पुन्हां भरावयास लावले आणि स्वतःच्या हातानें चार वेळां तो प्रयोग केला. नंतर म्हणाल्या, "म्हणजे खालीं बसावें. एवढेंच ना?"

त्यावर पुतणीनें जें सांगितलें तें आम्हांस हौदांत दिसलें नव्हतें. "आजी, तिकडच्या लोकांना हें आपल्यापेक्षां जास्त कळतं. माणसं उभी राहतात ती बसायला जागा नसते म्हणून. बाजाराच्या दिवशीं एकच होडी, आणि तींत पोतीं, शेळ्या, लेंकरं, सगळंच." कोणी अज्ञानानें बुडत नाहीं, दुसरी होडी नसते म्हणून बुडतो. हें उत्तर तराजूवर तोलतां येण्याजोगें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मातुःश्रींनीं आपल्या पैशांतून तरंगतीं जाकिटें आणविलीं. एक नव्हे, सहा.

ती होडी आतां नर्मदाकाठच्या एका शाळेंत आहे. पुतणी ती घेऊन गेली तेव्हां तेथील एका वृद्ध नावाड्यानें ती पालथी केली, पठाणावरून आंगठा फिरविला आणि किती दिवस लागले तें विचारलें. मग म्हणाला, "आमची डोंगी फुटली तर कुठं फुटली तें दिसतं. हिला इतके सांधे. ही फुटली तर दुरुस्त कोण करणार?"

पुतणीनें प्रश्न जसाचा तसा घरीं आणला आहे. वहिनींनीं उरलेल्या शिवणीच्या पट्ट्या भिजत घातल्या आहेत.