कोंडाणे लेण्यांची रानवाट

मध्य रेल्वेच्या कर्जत स्थानकावर उतरून कोंदिवडे गाव गाठले की पुढे पायीच जावे लागते. राजमाचीच्या डोंगराच्या कुशीत कोंडाणे लेणी आहेत. याच खोऱ्यातून उल्हास नदी निघते आणि सुमारे १२२ किलोमीटर वाहून वसईच्या खाडीला मिळते. श्रावणातील एका रविवारी आम्ही वस्तीतले चौदाजण निघालो. त्यात शाळकरी मुले होती, तशा सत्तरीच्या एक आजीही होत्या.

रानात शिरताच वाटेला फाटे फुटू लागले. गुरांच्या वाटा रुंद, लेण्यांची वाट अरुंद. त्यामुळे आम्ही एक नियम केला. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचे आणि सर्वांत मागचा माणूस दिसल्यावरच पाऊल उचलायचे.

लेण्यांच्या अलीकडे ओढा आडवा आला. वर डोंगरात सर कोसळली होती. पाणी गढूळ, ओढ जबर. तरुण मुले पलीकडे जायला उतावीळ झाली. आजी म्हणाल्या, "मी बसते इथं. तुम्ही बघून या." गुरे राखणाऱ्या एका गावकऱ्याने सांगितले, "दमानं घ्या, पानी उतरंल." आम्ही पाण्याच्या कडेला खुणेचा दगड ठेवला आणि सोबतच्या भाकऱ्या सोडल्या. आजींना सोडून कुणीही गेले नाही. तासाभराने पाणी दगडापासून हातभर मागे सरले, तळ दिसू लागला. मग आजींना मधे घेऊन, हातात हात गुंफून आम्ही सर्वजण पार झालो.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले चैत्यगृह समोर उभे राहिले. बरेच खांब मोडले आहेत, स्तूपाचीही झीज झाली आहे. दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरे आहेत. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्यांचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. स्वतःचे नाव कोरताना या कारागिराने आधी गुरूचे नाव लिहिले. मुलांनी ते आजींना दोनदा समजावून सांगितले.

वाचकांनी सहकुटुंब अवश्य जावे. सकाळी लवकर निघावे, वाटाड्या घ्यावा, खांबांवर नावे कोरू नयेत. पाणी उतरले नाही तर सर्वांनी मिळून परत फिरावे. दोन हजार वर्षे उभी असलेली लेणी पुढच्या रविवारीही तिथेच असतील.