यंत्राचा जप

इंदूरच्या न्यायालयातून सवड मिळाली की आम्ही हातोदच्या जुन्या घरी जातो, ते मुख्यतः काकूंसाठी. काकूंचे वय 82. कंपवाताने बोटांना तुळशीच्या माळेचे मणी आवरेनासे झाले, तेव्हा आमच्या पुतण्याने त्यांना संगणकाच्या पडद्यावर एक मोठे बटण काढून दिले. नाम घ्यावे, माऊस दाबावा, आकडा एकाने वाढावा. पुढे तेही साधेना. एका नामाला माऊस तीनदा दाबला जाई, आणि खोटा आकडा काकूंना सोसत नसे.

एका रविवारी आम्ही पुतण्याला म्हटले, "दाबण्याचे कामही यंत्रालाच का सांगू नये?"

पायथन या संगणकभाषेत 'पायऑटोजीयूआय' नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे. माऊस हलविणे, दाबणे ही कामे ते माणसाविना करते. सहा-सात ओळींत काम झाले. आधी पाच सेकंद थांब, म्हणजे बाण बटणावर नेऊन ठेवता येईल. मग 108 वेळा दाब. दोन दाबण्यांमध्ये ठरावीक काळ जाऊ दे. हा काळ न सांगितल्यास साधन आपण होऊन सेकंदाचा दहावा भाग थांबते. आणखी एक शहाणपणाची सोय त्यात आहे. बाण पडद्याच्या कोपऱ्यात ढकलला, की पुढच्या दाबण्याच्या वेळी सारा कारभार बंद पडतो. चालत्या यंत्राच्या हातून माऊस सोडवून घेण्याचा तो मार्ग.

आम्ही काळ सांगितला नाही. सुमारे अकरा सेकंदांत एक माळ पुरी झाली! पुतण्या हसला, आम्हीही हसलो. काकू मात्र पडद्याकडे पाहत राहिल्या.

"अरे, हा जप झाला कोणाचा?"

आमच्यातला वकील तत्काळ जागा झाला. 2000 च्या माहिती-तंत्रज्ञान अधिनियमाचे 11 वे कलम आम्ही त्यांना समजावून सांगितले: आपण किंवा आपल्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी सिद्ध केलेल्या यंत्रणेने पाठविलेला इलेक्ट्रॉनिक लेख हा आपलाच मानला जातो. "तेव्हा काकू, त्याच न्यायाने जप तुमचाच."

"तुझ्या कोर्टात असेल," काकू म्हणाल्या, "मी तर तोंडही उघडले नाही."

या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही पुतण्याला तो काळ सहा सेकंदांचा करावयास सांगितले. आता माळेला पावणेअकरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. बटण दाबले गेल्याचा टक् आवाज येतो आणि त्याबरोबर काकू नाम घेतात. मोजणे यंत्राचे, म्हणणे त्यांचे. थकल्या की थरथरत्या हातानेच माऊस कोपऱ्याकडे लोटतात. नेमके बटण गाठण्यापेक्षा कोपरा गाठणे त्या हाताला सोपे जाते.

गेल्या खेपेस आम्ही संध्याकाळी पोहोचलो, तो काकूंचा डोळा लागलेला आणि यंत्र इमाने टक् टक् करीत होते. आम्ही पाऊल न वाजविता माऊस कोपऱ्यात नेला. आवाज थांबताच त्या जाग्या झाल्या.

"किती झाले?"

"एकशे दोन."

"साठाच्या पुढचे मला आठवत नाहीत. बेचाळीस वजा कर."

साक्षीदार नव्हता, उलटतपासणी नव्हती. आम्ही निमूटपणे बेचाळीस वजा केले.