वीस मिनिटे

आमच्या घरात 'कलाम' हा शब्द दोनच प्रसंगी ऐकू येई. एक कलाम-ए-पाक, म्हणजे कुराण, आणि दुसरा मुशायऱ्यातल्या शायराचा कलाम. तिसरा अर्थ मला भेटला तो पदवीच्या वर्षी, शिबली नोमानींच्या पुस्तकात. इल्म-ए-कलाम, म्हणजे श्रद्धेच्या गोष्टी युक्तिवादाने मांडण्याचे शास्त्र. पुस्तक अर्धे वाचून ठेवून दिले. परीक्षेला ते नव्हते.

चौथ्यांदा हा शब्द समोर आला तो एका अमेरिकन ख्रिस्ती माणसामुळे. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ईदच्या सुट्टीत आला तेव्हा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामू, बघा तरी. हा पाद्री आपलं कलाम घेऊन भांडतोय." तो माणूस पाद्री नव्हता. विल्यम लेन क्रेग हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. समोर क्रिस्टोफर हिचेन्स, कडवे नास्तिक पत्रकार. स्थळ कॅलिफोर्नियातले बायोला हे ख्रिस्ती विद्यापीठ, तारीख ४ एप्रिल २००९, विषय: ईश्वर आहे काय? सभागृह तुडुंब भरलेले.

क्रेग यांचा मुद्दा तीन पायऱ्यांचा. जे अस्तित्वात येऊ लागते त्याला कारण असते. विश्वाला सुरुवात आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. या युक्तिवादाला त्यांनी स्वतःच 'कलाम' हे नाव दिले. १९७९ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात इमाम गझालींचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपल्या आजोबांची तलवार शेजाऱ्याच्या भिंतीवर टांगलेली दिसावी, तसे झाले.

मग मी जुने वादही शोधून ऐकू-वाचू लागलो. १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपलस्टन यांचा वाद झाला. कोपलस्टन जेझुइट होते. त्यांचे म्हणणे असे की जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, तेव्हा कुठेतरी स्वयंपूर्ण, अनिवार्य असे अस्तित्व मानावेच लागते. आमच्या मदरशांतला पोरगाही हे ओळखेल. मुमकिनुल-वुजूद आणि वाजिबुल-वुजूद! इब्न सीनाचा हा मुद्दा थॉमस अक्वायनसच्या वाटेने युरोपात मुरला. रसेल यांनी तो मानलाच नाही. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असे होत नाही, असे ते म्हणाले. विश्व आहे, बस्स, आहे. यावर कोपलस्टन यांचे उत्तर मजेदार होते: जो बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच नकार देतो, त्याला मात कशी करायची?

गंमत अशी की ज्या दोन मुसलमानांचे युक्तिवाद आज ख्रिस्ती वक्ते वापरतात, त्यांचे आपसात जमत नव्हते. विश्व अनादि आहे असे मानल्याबद्दल गझालींनी इब्न सीनाच्या पंथाला थेट कुफ्रच्या यादीत घातले. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो जरा हिरमुसला.

असो. मूळ गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगायला मला जड जाते.

सुट्टीनंतर नववीच्या वर्गात ऑफ तास होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा, नाव लिहीत नाही, उभा राहिला. "सर, सगळ्याला कारण असतं तर अल्लाहला का नाही? आणि कुणीच नसेल तर?" वर्ग चिडीचूप झाला. मी मात्र तयारच होतो. फळ्यावर तीन पायऱ्या लिहिल्या. "जे सुरू होते त्यालाच कारण लागते, बेटा. अल्लाह सुरू होत नाही." मुले हसली. कुणीतरी टाळी वाजवली. मुलगा खाली बसला. मला हिचेन्ससमोरच्या क्रेगसारखे वाटले, खोटे कशाला सांगू.

सहामाहीत मी 'अल्लाहची कुदरत' या विषयावर निबंध घातला. त्या मुलाने माझ्या तीन पायऱ्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या. स्वच्छ अक्षर, चूक शोधून सापडेना. मी चांगले गुण दिले आणि पान उलटले. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा तोच प्रश्न पेन्सिलीने लिहिलेला होता आणि वरून पेनाने इतका गिरवून खोडला होता की कागद फाटला होता.

त्या रात्री तो वाद मी पुन्हा पाहिला, पण या वेळी मुद्दे सोडून घड्याळ पाहिले. क्रेग यांना वीस मिनिटे. हिचेन्सनाही वीसच. ख्रिस्ती विद्यापीठाच्या मंचावर ईश्वर नाकारणाऱ्याला एक मिनिटही कमी नाही. या वादांवर माझा फार विश्वास आहे असे नाही. त्यात तमाशा बराच. २०११ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांनी क्रेगसमोर यायला नकार दिला तेव्हा ऑक्सफर्डच्या सभागृहात त्यांच्यासाठी रिकामी खुर्ची ठेवली गेली. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला शॉन कॅरोल या भौतिकशास्त्रज्ञाने वेगळाच डाव टाकला. क्रेग ज्यांच्या प्रमेयाचा आधार घेत त्या अ‍ॅलन गुथ यांचे फोटोच त्याने पडद्यावर दाखवले. विश्व बहुधा अनादि असावे, असा कागद हातात धरलेले गुथ! लोक हसले. माझ्या वर्गात हसले होते तसेच. पण क्रेग यांना उत्तराची पाळी होती. माझ्या विद्यार्थ्याला पाळीच नव्हती.

आणि गझाली? त्यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्याआधी त्यांचेच म्हणणे सांगणारे 'मकासिद' हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते इतके नीट उतरले की लॅटिन वाचकांनी गझालींनाच त्या तत्त्वज्ञांपैकी एक समजले. इब्न रुश्दने गझालींना उत्तर दिले तेही त्यांचा मजकूर आधी उतरवून घेऊन. शिवाय गझालींनी आत्मचरित्रात कबूल केले आहे की तारुण्यात सुमारे दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता, आणि ते दुखणे युक्तिवादाने बरे झाले नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नूराने झाले. पुढे १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवताना त्यांची वाचाच बसली. घास गिळेना, धडा देता येईना. नोकरी सोडून ते निघून गेले. क्रेग यांनी, आणि त्यांच्या मागून मी, गझालींच्या तीन पायऱ्या घेतल्या. ते दोन महिने घेतले नाहीत. चौदा वर्षांच्या पोराला मी दोन मिनिटेही दिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवले. हातातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले. म्हणालो, "त्या दिवशी तू विचारलं होतंस ना, ते नीट सांग. वीस मिनिटं तुझी. मी मध्ये बोलणार नाही."

तो बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिला. मग दाराशी जाऊन बाहेर कुणी आहे का ते पाहून आला.

"सर," तो म्हणाला, "अब्बूंना सांगणार नाही ना?"